भीती नेमकी कोणाची?



मुलींनी विमान चालवावे का, अंतराळशास्त्रात जावे का, असे विचारले तर आज क्वचितच कोणी ‘नको’ म्हणेल. आम्ही जबलपूरकर तर राणी दुर्गावतीचे नाव लावलेल्या विद्यापीठाच्या गावात राहतो. पण ‘नको’ न म्हणताही मुलीला थांबवता येते. दहावीनंतर विषय निवडताना ते घडते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. एनडीएतून हवाई दलात जायचे तरी तेच. ‘हिला गणित झेपायचं नाही’ असे घरातले कोणीतरी म्हणते, अर्जावर दुसरा विषय लिहिला जातो. मिटलेले ते दार पुढे उघडायला फार कष्ट पडतात. (मी स्वतः वाणिज्य शाखेत आहे, पण आवडीने.)

हे सारे आपण प्रेमापोटी करतो, असे आपल्याला वाटते. प्रेम समोरच्याचे हित पाहते, मोह स्वतःची भीती शमवतो. विमान धोक्याचे म्हणून मुलीला अडवणारे वडील मुलगा मित्रांसोबत विनाहेल्मेट बाईकवर भेडाघाटला निघाला तर फक्त ‘लवकर ये’ म्हणतात. मग भीती धोक्याची आहे की आणखी कशाची?

अवनी चतुर्वेदी आपल्या शेजारच्या रीव्याची. शाळा शहडोल जिल्ह्यात झाली. वनस्थळीला शिकताना तिथल्या फ्लाइंग क्लबमध्ये तिने विमान हाताळले. जून २०१६मध्ये भावना कांत आणि मोहना सिंग यांच्यासह ती देशातल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिकांत आली. १९ फेब्रुवारी २०१८ला जामनगरहून तिने मिग-२१ एकटीने उडवले. त्याही आधी, १९८५मध्ये, कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी पूर्णपणे महिलांच्या चमूसह कलकत्ता ते सिल्चर विमान नेले होते. म्हणजे वाट नवी नाही.

पैशाची अडचण मात्र खरी आहे. परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते, खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. एवढे नसतील तर मुलीला सरळ तसे सांगावे. ‘तुला जमणार नाही’ म्हणू नये. २०२२पासून एनडीएत मुलींनाही प्रवेश आहे आणि तिथले प्रशिक्षण सरकारी खर्चाने होते, हेही सांगावे.

यंदा घरात दहावीची मुलगी असेल तर विषय ठरण्याआधी तिला विचारा. उत्तर देण्यापूर्वी ती तुमच्या चेहऱ्याकडे पाहते का, तेवढे बघा.