चार कुलपांची पेटी

लुथरन माणूस दान देतो तेव्हा त्याच्या खाती काही जमा होत नाही. निदान त्याचा धर्म त्याला तसं सांगतो. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात संसाराची बरीच वर्षं काढली, घराजवळच्या लुथरन चर्चमधल्या बायकांबरोबर गोधड्या करायला बसले, तरी ही गोष्ट मला अजून पूर्ण पचलेली नाही.

मी वाढले त्या घरात दानाला हिशेब होता. अक्षय्य तृतीयेला पाण्याचा घडा, अधिक महिन्यात तेहतीस अनारसे, संक्रांतीला वाण, पितृपक्षात शिधा. आजीचा हात सढळ होता. पण कोणत्या तिथीला दिलेलं किती पटीनं परत येतं हेही तिला तोंडपाठ होतं. त्यात लबाडी नव्हती. देणाऱ्याच्या पदरात काही पडतं, या विश्वासावरच सगळी रीत उभी होती, आणि त्या रीतीनं पुष्कळ पोटं भरली.

मार्टिन लूथरचं १५१७ साली जे भांडण सुरू झालं ते नेमकं अशाच हिशेबावरून. रोममधल्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी जर्मनीत पापक्षमेची पत्रं विकली जात होती. पैसे भरायचे आणि मेल्यानंतरची शिक्षा कमी करून घ्यायची. पुढच्या काही वर्षांत लूथरची भूमिका स्पष्ट होत गेली: तारण देवाच्या कृपेनं फुकट मिळतं, माणसाची सत्कृत्यं त्यात दमडीची भर घालत नाहीत. मग द्यायचं कशासाठी? १५२० मध्ये ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर त्यानं जी पुस्तिका लिहिली तिच्यात याचं उत्तर आहे. मोक्षाची काळजी मिटलेल्या माणसाला स्वतःसाठी काही कमवायचं उरत नाही, म्हणून तो शेजाऱ्याच्या कामी येऊ शकतो.

विचार देखणा आहे. पण त्या काळच्या युरोपात गरिबांचा मोठा आधार भिक्षा हाच होता, आणि भिक्षा घालणारे आपल्या आत्म्यासाठी घालत होते. त्यांना त्यातून काही मिळत नाही असं एकदा जाहीर केलं की भिकाऱ्याच्या वाडग्यात कोण टाकणार? लूथरच्या अनुयायांनी या अडचणीवर जो तोडगा काढला तो प्रवचनाचा नव्हता, कारभाराचा होता. १५२२ मध्ये विटेनबर्गनं आणि १५२३ मध्ये सॅक्सनीतल्या लायस्निग या लहान गावानं मदतीचे लेखी नियम केले. लायस्निगच्या नियमांना लूथरनं प्रस्तावना लिहिली. चर्चची सगळी मिळकत आणि लोकांची देणगी एका सामायिक पेटीत जमा करायची. पेटीला चार वेगवेगळी कुलपं. एक किल्ली सरदारांकडे, एक नगरसभेकडे, एक गावकऱ्यांकडे, एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. चौघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. दरवर्षी दहा विश्वस्त निवडायचे, त्यांनी दर रविवारी बसून काम पाहायचं, हिशेब सगळ्या मंडळीपुढे ठेवायचा. म्हातारे, आजारी, अनाथ यांचा खर्च यातून. हातात कसब असलेल्या पण भांडवल नसलेल्या कारागिराला कर्ज यातून. पाळकाचा पगार, शाळा, टंचाईसाठी धान्याचा साठा आणि चर्चच्या इमारतीची डागडुजीसुद्धा यातूनच. गावात भीक मागायला मात्र बंदी.

लूथरच्या धर्मविचारापेक्षा मला ही पेटी जवळची वाटते. माणसाच्या चांगुलपणावर विसंबून न राहता त्याला कुलूप घालणारी माणसं मला एकूणच आवडतात. अर्थात पहिल्याच घासाला खडा लागला. लायस्निगच्या नगरसभेनं आपल्या ताब्यातला चर्चचा पैसा पेटीत टाकायला नकार दिला, आणि लूथरनं तक्रारी करूनही त्याच्या मनासारखं काही झालं नाही. ज्या नियमांची नक्कल पुढे अनेक गावांनी केली, ते स्वतःच्या गावात नीट चाललेच नाहीत.

हाच वारसा स्वीडिश आणि नॉर्वेजियन शेतकऱ्यांबरोबर मिनेसोटात आला. १८६५ मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं त्या वर्षी, रेड विंगजवळच्या वासा या वस्तीत एरिक नोरेलियस या स्वीडिश पाळकानं काही अनाथ मुलांना आसरा दिला. ‘लुथरन सोशल सर्व्हिस ऑफ मिनेसोटा’ ही संस्था आपला जन्म तिथून मोजते. आज ती अपंगांची घरं चालवते, वृद्धांना जेवण पोचवते, बेघर तरुणांसाठी काम करते, आणि या कामाच्या पैशातला मोठा वाटा सरकारी करारांतून येतो. चर्चच्या दाराशी आलेली पोरकी मुलं आणि सरकारी निविदा यांच्यामध्ये दीडशे वर्षांचं अंतर आहे. लायस्निगची पेटी ठाऊक असलेल्याला मात्र ते फार वाटणार नाही.

आमच्या चर्चमध्ये दर बुधवारी सकाळी गोधड्यांचं काम चालतं. ‘आमच्या’ म्हणते खरी, पण मी तिथली सभासद नाही, रविवारी प्रार्थनेलाही जात नाही, आणि हे तिथे कुणी कधी काढलेलं नाही. या गोधड्या ‘लुथरन वर्ल्ड रिलीफ’कडे जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त युरोपला मदत धाडण्यासाठी १९४५ मध्ये ही संस्था निघाली. त्या वेळी जगातल्या दर सहा लुथरनांमागे एक जण निर्वासित किंवा बेघर होता असं सांगतात. म्हणजे पहिली मदत एका अर्थी भाऊबंदांनाच होती. आता गठ्ठे आफ्रिकेत, मध्यपूर्वेत, आशियात जातात, आणि घेणाऱ्यांत लुथरन क्वचितच असतो.

काम साधं आहे. साठ इंच रुंद, ऐंशी इंच लांब. वर तुकडे जोडलेला थर, मध्ये कापूस किंवा जुनं ब्लँकेट, खाली बहुधा कुणाच्या तरी घरची बाद चादर. आपल्याकडच्यासारखे धावदोऱ्याचे टाके नसतात. ठरावीक अंतरावर जाड दोरा आरपार ओवून दुहेरी गाठ मारतात. त्यामुळे शिवण न येणाऱ्यालाही काम मिळतं, आणि संधिवातानं बोटं वाकलेल्या बाईला सुई झेपेनाशी झाली की ती कापडाचे चौकोन मोजायला बसते. बहुतेकजणी सत्तरीपुढच्या आहेत, शेतावर वाढलेल्या. कॉफी पातळ, गप्पा हवामानाच्या आणि गुडघ्यांच्या. देवाचं नाव निघतं ते खाण्याआधीच्या प्रार्थनेपुरतं.

कापड कोणतं घ्यायचं याचेही दंडक आहेत. झेंड्यांचं नको, लष्करी छापाचं नको, आणि धर्मचिन्हं असलेलं नको. एकदा देणगीच्या पेटीतून क्रूसाच्या नक्षीचं नवंकोरं कापड निघालं. ते न बोलता बाजूला ठेवलं गेलं. पुढे त्याचे चर्चच्या स्वयंपाकघरासाठी पडदे झाले.

मी त्या पडद्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असेन, कारण मिशनऱ्यांच्या मदतीबद्दलचा संशय माझ्या पिढीच्या मराठी माणसाला बाळकडूबरोबर मिळालेला आहे. तो संशय निराधारही नाही. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती तेव्हा तिथल्या सरकारनं न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली. तिचा १९५६ चा अहवाल मिशनांच्या शाळा, दवाखाने आणि परदेशी पैसा यांचा धर्मांतराशी संबंध लावतो, आणि त्यात लुथरन मिशनंही आहेत. त्या अहवालावर एकांगीपणाचा आरोप झाला; तो मला बराचसा पटतो. पण मदत आणि प्रचार एका हातानं वाटले जात होते, हेही खोटं नव्हतं. दुसरी बाजूही आहे. सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात, पाढर इथं लुथरन चर्चचं रुग्णालय कित्येक दशकं उभं आहे. तो मुलूख आपल्या अमरावतीला लागूनच. तिथे बरा होऊन गेलेल्या माणसाला अहवालाचं काय सांगणार? क्रूस नको हा गोधडीवरचा नियम मला या सगळ्या इतिहासाचं फलित वाटतो. तो केवळ सौजन्यातून आलेला नाही, अंगाशी आलेल्या अनुभवातूनही आलेला असणार.

माझा एक भाचा पुण्यात हिशेबतपासनीस आहे. त्यानं फोनवर विचारलं, “मावशी, मिनेसोटातून गोधडी जहाजानं पाठवण्यापेक्षा तिकडच्याच बाजारात ब्लँकेट घेतलेलं स्वस्त नाही का?” आहे, बऱ्याचदा. संस्था स्वतःच गोधड्यांबरोबर वाहतुकीसाठीही पैसे मागते. संकटात सापडलेल्याला थेट रोख रक्कम द्यावी, काय घ्यायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यावं, असं आता मदतीच्या क्षेत्रातले पुष्कळ जाणकार म्हणतात आणि मलाही ते पटतं. गोधडीच्या बाजूनं इतकंच म्हणता येईल की ती पांघरता येते, अंथरता येते, तंबूत आडोशाला बांधता येते, तिनं पाठीशी मूल बांधता येतं, बाजारात माल मांडायला पसरता येते. तरी भाच्याचा मुद्दा खोडला जात नाही. मी तो बुधवारी टेबलावर मांडला. मला वाटलं होतं कुणी दुखावेल. एक आजीबाई दोरा कापत म्हणाल्या, “चेक लिहिता येतो मला, लिहितेही. पण चेक लिहायला म्हणून बुधवारी सकाळी बर्फातून कुणी घराबाहेर पडत नाही.”

म्हणजे यात देणाऱ्यांची सोय आहे, आणि त्यांना ती माहीत आहे. विधवा झालेल्या, मुलं दूर राहणाऱ्या बायकांना बुधवारचं एक ठिकाण हवं असतं. पुण्याचा लोभ दाराबाहेर ठेवला तरी सोबतीचा लोभ आत येतोच. मला त्यात वावगं दिसत नाही. फक्त त्याला निःस्वार्थ सेवा म्हणू नये. सप्टेंबरातल्या एका रविवारी देशभरच्या लुथरन मंडळ्या गावात सेवाकार्याला बाहेर पडतात, २०१३ पासून. त्या दिवशी नदीकाठचा कचरा वेचतानाचे एकसारख्या टी-शर्टमधले फोटो निघतात. मिनियापोलिसमधली थ्रायव्हेंट ही लुथरनांचीच जुनी वित्तसंस्था अशा एखाद्या उपक्रमाला अडीचशे डॉलर देते, आणि शर्टावर तिचं नावही झळकतं. चित्रगुप्ताची वही बंद करून लोकांनी विमा कंपनीची उघडली, असं माझ्या मनात येऊन जातं. कचरा मात्र खरोखर उचलला जातो.

टी-शर्टाशिवाय झालेलं काम निराळं. १९७५ नंतर लाओसमधून हमोंग लोक सेंट पॉलला आले, नव्वदीत सोमाली मिनियापोलिसला. त्यांतल्या अनेक कुटुंबांची पहिली सोय चर्चच्या मंडळ्यांनी लावली. भाड्याचं घर शोधणं, पलंग जमवणं, जाड कोट, मुलांची शाळा, बसचा मार्ग. पाठीशी १९३९ मध्ये सुरू झालेली लुथरन निर्वासित संस्था होती. २०२४ मध्ये तिनं आपलं नाव ‘ग्लोबल रेफ्युज’ केलं. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारनं निर्वासितांचा प्रवेश थांबवला, आणि पाठोपाठ लुथरन संस्थांना मिळणाऱ्या सरकारी पैशावर जाहीर आरोप सुरू झाले. बुधवारच्या टेबलावर राजकारण निघत नाही, कारण तिथे दोन्ही बाजूंना मत देणाऱ्या बायका बसतात. त्या आठवड्यात मात्र कापड कापायच्या कात्र्या नेहमीपेक्षा जोरात चालल्या.

या सगळ्यामागची माणसं कमी होत चालली आहेत. तीन लुथरन संघ एकत्र येऊन १९८८ मध्ये जे मोठं चर्च झालं त्याचे तेव्हा पन्नास लाखांहून अधिक सभासद होते; आता तीस लाखही नाहीत. आमच्या मंडळीत ही ओहोटी जानेवारीतल्या वार्षिक सभेत दिसते. प्रार्थनेनंतर घरून आणलेलं जेवण मांडतात, छापील ताळेबंद वाटतात आणि ओळीओळीवर बोलतात. मी मागच्या खुर्चीवर बसते. मत नाही, पण बसायला मनाई नाही. या वर्षी ताळेबंदात दोन आकडे समोरासमोर आले. एक छताचा. हिवाळ्यात छतावरचा बर्फ वितळतो, कडेला पुन्हा गोठतो आणि त्यामागे अडलेलं पाणी आत झिरपतं. दुसरा, बाहेर द्यायच्या रकमेचा: सिनॉडचा, म्हणजे मंडळ्यांच्या विभागीय संघाचा वाटा, गावातलं धान्यकोठार आणि टांझानियातल्या इरिंगा भागातल्या मुलांच्या शिष्यवृत्त्या. सेंट पॉलच्या मंडळ्यांचं इरिंगाशी १९८० च्या दशकापासून नातं आहे.

एका सभासदानं सुचवलं की बाहेरची रक्कम एक वर्ष थांबवावी आणि छत करून घ्यावं. माणूस कंजूष नव्हता. आधीच्या गळतीत स्वतः शिडीवर चढलेला. पुण्याचा मुद्दा इथे कुणाच्याच कामाचा नव्हता. शिष्यवृत्ती थांबवल्यास पाप लागेल असं म्हणायची सोय नाही, दिल्यास देव प्रसन्न होईल असं म्हणायचीही नाही. उरतं ते एवढंच की तिकडे एक मुलगी वर्गात बसलेली आहे आणि तिची पुढची फी भरायची आहे. पाळकबाई गप्प होत्या. अशा चर्चेत त्या सहसा बोलत नाहीत. खजिनदारांनी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. लायस्निगच्या पेटीत डागडुजी आणि गरीब एकत्रच ठेवले होते, हे आठवून मला वाटलं की पाचशे वर्षांपूर्वीही किल्ल्या घेऊन बसलेली चौघं याच ठिकाणी अडली असतील.

मतदान हात वर करून झालं. बाहेरची रक्कम कायम राहिली, फरक थोड्याच हातांचा. छताला या वर्षीही ठिगळ. सूचना मांडणाऱ्या गृहस्थांनीच ठिगळाचं काम अंगावर घेतलं आणि पुढच्या जानेवारीत हा विषय पुन्हा आणणार असल्याचं इतिवृत्तात नोंदवून घेतलं. तोवर वरच्या खोलीतल्या आमच्या कापडाच्या पेट्या गळतीच्या भिंतीपासून हलवून खिडकीखाली लावल्या आहेत.