द्रष्ट्याचे व्रत

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत प्रकृतीला नर्तकीची उपमा दिलेली आहे. पुरुष तिच्याकडे केवळ पाहतो, आणि आपले दर्शन घडले एवढे होताच ती नृत्य आवरून निवृत्त होते. राजकीय पुढाऱ्यांची छायाचित्रे टिपण्यात ज्याची हयात जाते, त्याच्यासमोर मात्र नेमके उलटे दृश्य उभे राहते. कोणी पाहत आहे म्हणूनच तेथे नृत्याला आरंभ होतो, कॅमेरा वळताच एखादे मूल कडेवर घेतले जाते, गळ्यात पडलेला हार पुन्हा एकदा घातला जातो, आणि निव्वळ पाहायला आलेला माणूस त्या दृश्याचा कर्ता होऊन बसतो. मग या व्यवसायात साक्षिभाव संभवतो तरी काय?

वर्ध्यानजीक सेवाग्रामात या प्रश्नाचे उत्तर आचरणातून शोधले गेले. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे चिरंजीव कनू गांधी आश्रमाच्या दप्तरात पत्रव्यवहार व हिशेब पाहत. त्यांना छायाचित्रणाची ओढ लागली, घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला, आणि गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर: प्रकाशाचा झोत टाकायचा नाही, ‘जरा इकडे पाहा’ असे कधी म्हणायचे नाही, आणि या कामासाठी आश्रमाच्या तिजोरीतून पैही मागायची नाही.

या तिहींत मला तिसरी अट सर्वांत खोल वाटते. झोत टाळणे व मौन पाळणे हे इंद्रियांचे संयम झाले. परंतु ज्याला पाहायचे त्याच्याच अन्नावर दृष्टी पोसली गेली, तर पुढाऱ्याच्या मोटारीतून पक्षाच्या खर्चाने गावोगाव हिंडणाऱ्याचे डोळे उघडे असूनही परतंत्रच राहतात.

1945-46 च्या बंगाल, आसाम व दक्षिणेकडील दौऱ्यातले कनूंचे एक छायाचित्र पाहावे. रेल्वेच्या डब्याच्या खिडकीतून हरिजन निधीसाठी गांधीजींनी हात बाहेर काढला आहे, आणि तो उघडा तळवा भरावा म्हणून फलाटावरचे हात वर आलेले आहेत. हाही प्रचारच, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो खोटा नाही. आपल्याकडे सारा देश पाहत आहे याची गांधीजींना पुरती जाण होती. म्हणूनच मी म्हणतो की त्या अटींनी दृश्य निष्पाप होत नव्हते, पाहणारा तेवढा मोकळा राहत होता.

तरीही सांख्यांच्या पुरुषापाशी नसलेली एक शक्ती मानवी साक्षीजवळ असावी लागते, ती म्हणजे न पाहण्याची. फेब्रुवारी 1944 मध्ये पुण्याच्या आगाखान महालात कस्तुरबांची अखेरची घटका आली, त्यांचे मस्तक गांधीजींच्या मांडीवर होते, आणि ते छायाचित्र घेण्यास कनूंना मज्जाव झाला. इतिहासाचे नुकसान झाले असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. मरणाऱ्या स्त्रीवर इतिहासाचा असा कोणता हक्क पोचतो?

30 जानेवारी 1948 रोजी कनू दिल्लीत नव्हते. गांधीजींनी नेमून दिलेल्या शांतिकार्यासाठी ते नोआखालीत होते, आणि ज्या पुरुषाला त्यांनी सुमारे दहा वर्षे टिपले त्याच्या अंताचे त्यांनी घेतलेले छायाचित्र नाही. याला दुर्दैव म्हणणारा मनुष्य छायाचित्राला त्या कार्याहून वरचे स्थान देतो, आणि तो क्रम मला मान्य करता येत नाही.