श्रवणयंत्र बसवणाऱ्याची परीक्षा कशाची घ्यावी?

अमेरिकेत १७ ऑक्टोबर २०२२ पासून अठरा वर्षांवरील कोणालाही सौम्य ते मध्यम श्रवणदोषासाठी औषधाच्या दुकानातून श्रवणयंत्र विकत घेता येते. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, तज्ज्ञाची तपासणी लागत नाही. २०१७ साली काँग्रेसने कायदा केला आणि अन्न व औषध प्रशासनाने पाच वर्षांनी नियम अंतिम केले. तेव्हापासून तिथे एक प्रश्न उघडपणे विचारला जातो. यंत्र दुकानात मांडून विकता येत असेल, तर ते विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या माणसाने परवान्यासाठी परीक्षा कशाला द्यायची? या माणसाला तिथे श्रवणयंत्र विशेषज्ञ म्हणतात. ऑडिओलॉजिस्टसारखी (श्रवणतज्ज्ञासारखी) डॉक्टरेट त्याच्याकडे नसते. अनेक राज्यांत शालेय शिक्षण, उमेदवारीचा काळ आणि परीक्षा एवढ्यावर परवाना मिळतो. इंटरनॅशनल हिअरिंग सोसायटीची लेखी परीक्षा बरीच राज्ये वापरतात. प्रात्यक्षिकाचा भाग मात्र राज्यागणिक बदलतो. त्यापुढे, किमान दोन वर्षे अनुभव असलेल्यांसाठी १९८१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रमाणन मंडळाचे ऐच्छिक प्रमाणपत्र आहे, आणि तेही लेखी परीक्षेवरच मिळते. माझ्या मते परीक्षेची गरज संपलेली नाही, पण तिचा भर चुकीच्या जागी आहे.

परीक्षा का हवी, याचे उत्तर श्रवणदोषाच्या स्वभावातच आहे. चष्म्याचा नंबर चुकला तर माणसाला दुकानातच कळते, कारण समोरचा फलक धूसर दिसतो. श्रवणयंत्राचे तसे नाही. वयोमानाने येणारा बहिरेपणा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो आणि आधी उच्च कंप्रतेचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने पुसट होतात, पण स्वर ऐकू येत राहतात. त्यामुळे माणसाला वाटते की आपल्याला ऐकू येते, लोकच पुटपुटतात. अशा माणसाला यंत्राने ती व्यंजने पुरेशी मोठी करून दिली, तर पहिल्या आठवड्यात आवाज कर्कश, पत्र्यासारखा वाटतो. कमी वाढवून दिली तर यंत्र गोड वाटते. म्हणजे चुकीचे बसवलेले यंत्र बहुधा जास्त आवडते! ग्राहक खूश होऊन घरी जातो, गर्दीत पूर्वीइतकेच कमी समजते, आणि काही महिन्यांत यंत्र कपाटात जाते. तो दोष बसवणाऱ्याला देत नाही, वयाला देतो. ज्या व्यवहारात गिऱ्हाइकाला मालाची पारख करता येत नाही आणि फसगतही ओळखता येत नाही, तिथे बाजार आपोआप सुधारत नाही. तिथे तिसऱ्याच कोणीतरी पारख करावी लागते.

पण पारख कशाची करायची? कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्षात किती डेसिबल आवाज पोहोचतो, हा इथला कळीचा आकडा. कर्णनलिकेचे आकारमान माणसागणिक वेगळे असते, म्हणून एकच यंत्र, एकच सेटिंग दोन कानांत वेगवेगळा आवाज देते. कंपनीचे सॉफ्टवेअर ऑडिओग्रामवरून (श्रवणचाचणीच्या आलेखावरून) जे पहिले सेटिंग देते, ते सरासरी कान गृहीत धरून. हा फरक पकडण्यासाठी कर्णनलिकेत बारीक प्रोब-नळी सोडून मापन करतात. ब्रिटनमधील संशोधक आझ आणि मूर यांनी २००७ साली ४२ कानांवर हे तपासले. सॉफ्टवेअरचे पहिले सेटिंग ६४ टक्के कानांत निदान एका कंप्रतेवर त्या श्रवणदोषासाठी ठरवलेल्या लक्ष्यापासून दहा डेसिबलपेक्षा जास्त ढळलेले निघाले. मापन पाहून सेटिंग दुरुस्त केल्यावर ८३ टक्के कान लक्ष्याच्या टप्प्यात आले. ही दुरुस्ती काही मिनिटांची असते. तरीही ती नियमाने न करणाऱ्यांची संख्या व्यावसायिकांच्या सर्वेक्षणांत सातत्याने मोठी आढळते, आणि त्यांत ऑडिओलॉजिस्टही आहेत. म्हणजे ज्ञान आहे, प्रमाणपत्रही आहे, सवय नाही. बहुपर्यायी प्रश्नाला ‘प्रोब-नळीने मापन’ हा अचूक पर्याय निवडणारा माणूस दुकानात तेच करेल याची हमी ती उत्तरपत्रिका कशी देणार?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप संशोधनातूनच येतो. संशोधक ह्यूम्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली १५४ प्रौढांवर केलेल्या चाचणीत काहींना तज्ज्ञाने यंत्रे बसवून दिली आणि काहींनी तीच यंत्रे स्वतः निवडली. सहा आठवड्यांनंतर ऐकण्यातला फायदा दोन्ही गटांत बराचसा सारखा होता. मग तज्ज्ञ कशाला? आक्षेप खरा आहे आणि तो टाळू नये. पण त्याच चाचणीत यंत्र ठेवून घ्यायला तयार झालेल्यांचे प्रमाण तज्ज्ञाच्या गटात ८१ टक्के, स्वतः निवडणाऱ्यांत ५५ टक्के, आणि तुलनेसाठी नाममात्र आवाज वाढवणारे यंत्र दिलेल्या तिसऱ्या गटात ३६ टक्के होते. कपाटात पडलेल्या यंत्राचा फायदा शून्यच. शिवाय हे सगळे सौम्य-मध्यम दोषाचे, आधी तपासून निवडलेले लोक होते. एका बाजूलाच कमी ऐकू येणे, कानातून स्राव, चक्कर, काही दिवसांत अचानक आलेला बहिरेपणा अशी लक्षणे असणाऱ्याला यंत्र विकायचेच नसते, त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवायचे असते. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराचे दिवस मोजके असतात आणि एकांगी बहिरेपणामागे श्रवणमज्जातंतूवरची गाठ असू शकते. ‘विकू नये’ हे ठरवण्याची कसोटी तिथे खरी लागते.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. परवान्यामुळे माणसे कमी होतात आणि किमती चढतात, हे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ सालीच मांडले होते. त्यात तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने श्रवणयंत्राची गरज असलेल्यांपैकी ८३ टक्के लोक ते वापरत नाहीत, तेव्हा दारे आणखी बंद करणे क्रूरपणाच ठरेल. म्हणूनच मी परीक्षा अवघड करा म्हणत नाही, तिचा विषय बदला म्हणतो. पदवीची अट वाढवू नका. कानाचा साचा घेताना पडद्याआधी कापसाचा बोळा नीट बसला का, ऑडिओमीटरवर तपासताना चांगल्या कानाने ऐकू नये म्हणून त्याला मास्किंगचा आवाज दिला का, यंत्र लावल्यावर आलेख लक्ष्यावर आणता आला का, एवढेच माणसासमोर करून दाखवायला सांगा, आणि दर काही वर्षांनी पुन्हा सांगा. हुशार उमेदवाराला यासाठी डॉक्टरेट लागत नाही.

भारतात रचना वेगळी आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने ऑडिओलॉजिस्ट आणि श्रवणयंत्र व कर्णसाचा तंत्रज्ञ यांची नोंदणी बंधनकारक केली. नोंदणी मान्य अभ्यासक्रमावर होते आणि नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात यंत्र ऑनलाइनही मिळते आणि चष्म्याच्या दुकानातही. मुंबईच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी शिकलेली माणसे आहेत, पण महाराष्ट्राच्या बहुतेक तालुक्यांना ती पुरणारी नाहीत. इथे अमेरिकेची परीक्षा उचलून आणण्यात अर्थ नाही. मात्र एक गोष्ट आजही करता येण्यासारखी आहे. सरकारी योजनेतून किंवा शिबिरात दिलेल्या प्रत्येक यंत्राबरोबर त्या कानात केलेल्या मापनाचा आलेख आणि तो काढणाऱ्याचा नोंदणी क्रमांक रुग्णाच्या हाती द्यावा, आणि आलेख नसेल तर त्या यंत्राचे पैसे पुरवठादाराला देऊ नयेत.