तिप्पट वेगाचा दीड तास

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर. विमान वर जाऊन स्थिरावलं की ताशी ८०० किलोमीटरच्या पुढेच धावतं. चौथीतलं पोरही गणित सोडवेल, पन्नास मिनिटं. तिकिटावर मात्र दीड तास आणि वर काही मिनिटं छापलेली असतात. मग उरलेली चाळीस मिनिटं जातात कुठे?

बरीचशी जमिनीवरच जातात. कंपनीचं घड्याळ विमान उडाल्यावर सुरू होत नाही. चाकांपुढचे ठोकळे काढून ते जागेवरून हललं की सुरू होतं आणि पलीकडच्या गावी पुन्हा ठोकळे लागले की थांबतं. मधे धावपट्टीकडे सरकणारी रांग. मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे काम एका वेळी एकीवरच चालतं. परतीला तर उतरायचा नंबर लागेपर्यंत घिरट्या. खिडकीतून मघाचंच धरण दुसऱ्यांदा दिसलं की मुरलेला प्रवासी घड्याळ बघणं सोडतो आणि डोळे मिटून घेतो. त्यात हिवाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, तो वेगळाच.

कंपन्या हे सगळं धरून वेळ छापतात आणि वर थोडी सैलही ठेवतात. बारा पस्तीसच्या मुहूर्ताला पाहुण्यांना ‘अकरालाच या’ म्हणून बजावतात, तशातली गत. मग एखाद्या दिवशी रांग नसली की ‘आपण वेळेआधी वीस मिनिटं पोहोचलो आहोत’ अशी घोषणा होते आणि लोक खूश! ती वीस मिनिटं आपल्याच खिशातली असतात. मला यात फसवणूक वाटत नाही. खोट्या घाईपेक्षा सैल वेळ बरी. फक्त तिला वेग समजू नये.

१९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या गावी परतत. झीरो माइलचा दगड मिरवणाऱ्या गावाला हा मान शोभलाही. ती डाकोटा विमानं ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडत. मुंबईहून नागपूर म्हणजे हिशेबाने अडीच तास. आजचं जेट तिप्पट वेगाचं, पण तिकिटावरची वेळ अजून निम्म्यावरही आलेली नाही. आकाशात कमावलेलं आपण जमिनीवर घालवतो. आणि यात दोन तास आधी विमानतळावर पोहोचणं, सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळणं, पुढे टॅक्सीत अडकणं धरलेलंच नाही.

म्हणून नागपूरकरांना एक सांगणं. मंत्रालयात सकाळी अकराची बैठक असेल, तर पहाटेच्या विमानाचे दीड तास बघून हुरळून जाऊ नका. आदल्या संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस सकाळी थेट सीएसएमटीला सोडते, रात्रीची झोपही होते, आणि तिथून मंत्रालय हाकेच्या अंतरावर आहे.