ओसरीवरची चूल

जे सगळ्यांचे असते त्यात आपले किती, हा प्रश्न फार जुना आहे. सामायिक विहिरीवरून आणि बांधावरून आमच्या परभणी जिल्ह्यात तो कोर्टापर्यंत जातो. हल्ली तो महासंगणकापर्यंत पोचला आहे.

माझा भाचा पुण्याच्या आयसरमध्ये रसायनशास्त्रात पीएच.डी. करतो, पण त्याच्या हातात परीक्षानळी दिसत नाही. तिथे 'परम ब्रह्म' नावाचा महासंगणक आहे. १९९१ साली सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' उभा केला, त्याच घराण्यातला हा. त्यावर भाच्याला 'क्वांटम एस्प्रेसो' बसवायचे होते. मला वाटले, कॉफीचे यंत्र! निघाले इलेक्ट्रॉनांचा हिशोब मांडणारे सॉफ्टवेअर, तेही फुकट. मूळ इटलीतले, तेव्हा कॉफीचा संशय अगदीच गैर नव्हता.

या परब्रह्मात प्रत्येकाला एक खोली मिळते. तिच्यात हवे ते बसवा. सगळ्या वाड्याच्या किल्ल्या मात्र व्यवस्थापकाकडे. आत शिरताना लागतो तो 'लॉगिन नोड', म्हणजे ओसरी. तिथे चपला काढायच्या, कामाची चिठ्ठी लिहायची आणि रांगेत ठेवायची. 'स्लर्म' नावाचा कारकून नंबर लागला की काम आतल्या यंत्रांकडे धाडतो. ओसरीवरच कुणी मोठी चूल पेटवली, तर बाकीच्यांना टाइप केलेले अक्षर दिसायलाही वेळ लागतो.

"मामा, रात्री दोनला ओसरीवरच उरकलं तर पाच मिनिटांचं काम आहे. रांगेत टाकलं तर चार तास."

"मग उरक की! कोण बघतंय?"

"तेच तर. असं म्हणणारे आणखी किती जण जागे असतील?"

मी गप्प झालो. कॅशच्या खिडकीत माझी निम्मी हयात गेली. "साहेब, एकच मिनिट" म्हणत रांग मोडणारा माणूस खोटे बोलत नाही. त्याचे काम खरेच एका मिनिटाचे असते. पण असे साठ जण आले, की मागच्या म्हाताऱ्या पेन्शनराचा तास जातो. यात चोरी नाही, लबाडी नाही, प्रत्येकाची निकड खरी. पाप आहे ते बेरजेत. आणि बेरीज कुणा एकाच्या खात्यावर दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला झोपही छान लागते!

तुम्ही म्हणाल, ओसरी खरोखरच रिकामी असेल तर? मीही तेच विचारले. भाचा म्हणाला, "रिकामी आहे म्हणून एकदा पेटवली, की गर्दीतही रिकामीच दिसायला लागते."

त्याने काम रांगेत टाकले. सकाळी फोन आला, "मामा, बनलं!" त्या हुकुमाचे नावच म्हणे 'मेक'. आमच्याकडे म्हणतातच, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' बनले. पण त्या चार तासांत ज्यांची अक्षरे अडली नाहीत, त्यांना याचा पत्ताही नाही. असल्या सभ्यतेची पावती कुठल्याच खिडकीवर फाडत नाहीत.