दान, हक्क आणि पत्ता

झाशीच्या जुन्या तटाला दहा दरवाजे; ओरछा दरवाजा त्यांपैकी एक. नगराचा दरवाजा नुसती वाट देत नाही, आतला कोण आणि बाहेरचा कोण हेही ठरवितो. विष्णुभट गोडसे यांच्या, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’मध्ये याच नगराच्या दक्षिण दरवाजापाशी घडलेला एक प्रसंग आहे. थंडीने गारठलेल्या भिक्षेकऱ्यांचा जमाव पाहून राणी लक्ष्मीबाईंनी त्यांना बंड्या, टोप्या व कांबळी देवविली. थंडी वाजते आहे, एवढी पात्रता तेथे पुरली. पण ते दान होते. देणारा हात गेला की त्यावर कोणास दावा सांगता येत नव्हता.

आधुनिक राज्याने या दानाचा हक्क केला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबाच्या प्रत्येक सदस्यास दरमहा ५ किलो धान्य मिळते. परंतु हक्काला नोंद लागते आणि नोंदीला सहसा पत्ता. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक माणसे बेघर आढळली. ज्याला घर नाही, त्याच्याकडेच घराचा पुरावा मागितला जातो. यात कारकुनाचा दुष्टावा असतोच असे नाही. एकाच्या नावावर दुसऱ्याने उचल करू नये, ही त्याची काळजी रास्तच आहे. चूक आहे ती नोंदीचे ओझे याचकाच्या माथी मारण्यात. माणसे मोजताना राज्याला बेघर रस्त्यावर सापडतो. मग धान्य देतानाही तो तेथेच सापडावयास हवा. ओरछा दरवाजाच्या सावलीत कोणी निजत असेल, तर ती सावली हाच त्याचा पत्ता मानणे, हे राज्याचे कर्तव्य ठरते.