पहिल्या पावसाचं पाणी

पहाटे फिरायला निघालेला माणूस छाती भरून श्वास घेतो. नदीतल्या माशाला मात्र दिवसातली सर्वांत अवघड वेळ हीच. पाण्यातलं शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हाच्या जोरावर दिवसा ऑक्सिजन सोडतात, रात्री मात्र त्याही तो नुसता वापरतात. जिवाणूंचं काम तर अहोरात्र चालू असतं. त्यामुळे उजाडायच्या सुमारास पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी झालेला असतो. मुळात पाण्यात तो असतोच किती? ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. मासे नीट जगायला किमान ४ मिलिग्रॅम हवा, असा आपल्याकडचा निकष आहे. मासे मेल्याच्या बातम्या बहुधा सकाळीच का येतात, याचं उत्तर या हिशेबात आहे.

पंचगंगेकाठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी तिथे वारंवार येते. बरगे घालून अडवलेलं उन्हाळ्यातलं पाणी, त्यात येऊन मिळणारं शहरांचं सांडपाणी, कापडावरच्या प्रक्रियेचं पाणी आणि कधी मळीमिश्रित पाणी. मळीतला माल तसा उसातूनच आलेला, त्याला कुणी जहर म्हणणार नाही. पण मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे काळं पाणी उरतं, ते प्रक्रिया न करता सोडलं तर कुजवून संपवायला जिवाणूंना लिटरमागे ४० हजार मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे असं एक लिटर पाणी नदीच्या ५ हजार लिटर पाण्यातला श्वास संपवू शकतं. मासा मग वर येतो, पृष्ठभागाशी तोंड उघडून कल्ले हलवत राहतो आणि थोड्या वेळाने उलटा होतो.

या मरणाची निदान दखल घेतली जाते. फोटो छापून येतात, पंचनामा होतो, पाण्याचे नमुने भरले जातात, कुणाला तरी नोटीस जाते. काठावर काहीच तरंगत नसेल, तर मात्र नदी बरी आहे असं आपण धरून चालतो. ही समजूत किती खरी, ते आज पाहू.

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला, ओढे गढूळ होऊन वाहू लागले, की मासे चढणीला लागतात. प्रवाहाच्या उलट दिशेने, दगडांवरून उड्या घेत, ओढ्यांतून थेट भातखाचरांपर्यंत. कोकणात आणि मावळात रात्री कंदील घेऊन माणसं या चढणीच्या माशांच्या मागे निघतात. त्या वेळी मादीचं पोट गाभोळीने तटतटलेलं असतं. उथळ, ताज्या पाण्यात अंडी सोडायची, पिल्लांना पाऊसभर वाढू द्यायचं, हा आपल्या नद्यांतल्या कितीतरी माशांचा क्रम आहे. पाणी वाढलं, गढुळलं, जरा गार झालं, हे सारे त्यांना निघण्याचे इशारे.

पण पहिला पाऊस एकटा येत नाही. शेतात फवारलेली औषधं, उघड्यावर टाकलेल्या राखेतला आणि कचऱ्यातला अर्क, गटारांच्या तळाशी उन्हाळाभर साचलेला गाळ, डांबरी रस्त्यावर थराथराने बसलेलं तेल आणि टायरची झीज, हे सगळं तो एका दिवसात ओढ्यात आणून टाकतो. वर्षातलं सर्वांत घाण पाणी आणि अंडी घालण्याचा मुहूर्त एकाच दिवशी नदीत उतरतात.

हा योग किती महाग पडू शकतो, ते अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिएटल शहरात दिसलं. तिथे कोहो नावाचा सालमन मासा आहे. तो गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि शरदातला पाऊस सुरू झाला की अंडी घालायला पुन्हा ओढ्यात चढतो. शहराने मोडलेले ओढे तिथल्या लोकांनी कष्टाने दुरुस्त केले. अडथळे काढले, काठांवर झाडं लावली. मासे परतलेही. पण पाऊस पडला की काही तासांत ते गोल गोल फिरू लागत, तोल सुटे, तोंड उघडून पृष्ठभागाशी येत आणि मरत. लाँगफेलो नावाच्या ओढ्यात काही वर्षी आलेल्या माद्यांपैकी निम्म्याहून जास्त अशा गेल्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कोहो अंडी घातल्यावर नाही तरी मरतोच, तो त्याचा निसर्गक्रम आहे. काठावर मेलेला कोहो दिसला तर त्यात वावगं काय? फरक दिसला तो पोट चिरल्यावर. आत गाभोळी जशीच्या तशी भरलेली. म्हणजे मासा मेला त्याचं नवल नव्हतं. तो काम न उरकता मेला, हा खरा घात होता. एका मादीबरोबर तिची सगळी पुढची पिढी गेली.

कारण सापडायला कित्येक वर्षं लागली. रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्यात दोन हजारांच्या आसपास रसायनं होती. संशोधक ती एकेक करून वेगळी काढत, गाळत, माशांवर तपासत गेले आणि शेवटी एकावर येऊन थांबले. २०२० मध्ये हे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. टायरच्या रबराला हवेतल्या ओझोनमुळे भेगा पडू नयेत म्हणून त्यात सिक्सपीपीडी नावाचं द्रव्य घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचं क्विनोन बनतं, आणि लिटरमागे एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी क्विनोन कोहोचा जीव घ्यायला पुरतं. गंमत अशी की त्याच ओढ्यात, त्याच पाण्यात चम नावाचा दुसरा सालमन मासा धडधाकट राहतो. एका माशावर चाचणी घेऊन पाणी निर्धोक ठरवणाऱ्यांनी हे विसरू नये.

या कथेत बोट दाखवायला गिरणी नाही, धुराडं नाही, रात्री चोरून सोडलेला टँकर नाही. आहेत त्या आपल्यासारख्यांच्या गाड्या.

आणि मरण हेही काही विषाचं एकमेव काम नसतं. तांब्याचंच पाहा. द्राक्षबागेत आणि सुपारीच्या बागेत मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण फवारतात, ते शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीचं. गाडीच्या ब्रेकमधूनही तांबं झिजून रस्त्यावर पडतं. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम विरघळलेलं तांबं कोहोच्या पिल्लांची वास घेण्याची शक्ती बोथट करतं. एरवी जवळपासचा मासा जखमी झाला, तर त्याच्या कातडीतून पाण्यात पसरणाऱ्या वासाने बाकीचे सावध होतात, जागच्या जागी थिजतात. तांब्याच्या पाण्यातलं पिल्लू आपल्याच नादात पोहत राहतं आणि मोठ्या माशाच्या तोंडी जातं. अशा मरणाची नोंद कुठे होणार? कागदोपत्री ते शिकारीत गेलं.

कॅनडात ओंटॅरिओ प्रांतातल्या एका तळ्यावर झालेला प्रयोग याहून बोलका आहे. संततिनियमनाच्या गोळ्यांमध्ये असतं ते कृत्रिम स्त्री-संप्रेरक २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे तळ्यात सोडण्यात आलं. शहराच्या सांडपाण्यातून ते नद्यांत उतरतंच, म्हणून मात्रा लिटरमागे केवळ पाच-सहा नॅनोग्रॅम ठेवली होती. तळ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला नाही. पण फॅटहेड मिनो या छोट्या माशाच्या नरांची शुक्रपेशी बनवण्याची क्रिया बिघडली, नवी पिल्लं यायची बंद झाली आणि अल्पायुषी असलेला तो मासा थोड्याच वर्षांत त्या तळ्यातून जवळजवळ नाहीसा झाला. संप्रेरक सोडणं थांबवल्यावर काही वर्षांनी त्याची संख्या सावरली, एवढं बरं.

आता आपला नियम पाहा. कारखान्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी बाहेर सोडण्यासाठी जी मानकं आहेत, त्यांत माशांची एक चाचणी आहे. त्या पाण्यात मासे ठेवायचे आणि ९६ तासांनी त्यांतले ९० टक्के जिवंत असले पाहिजेत. चाचणी उपयोगाची आहे, ती काटेकोरपणे झाली तर पुष्कळ अनर्थ टळतील. पण ती विचारते काय? चार दिवसांनी जिवंत आहेस का? पाचव्या दिवशी तुला वास येईल का, पुढच्या पावसाळ्यात तू अंडी घालशील का, अंड्यांतून पिल्लं निघतील का, हे ती विचारत नाही. दगडाखाली राहणाऱ्या, माशांचं अन्न असलेल्या किड्यांच्या अळ्यांना तर तिथे जागाच नाही.

मला वाटतं, ही खोड नियमापुरती नाही. आपण इजा मोजतो तीच मुळी मरणाच्या मापाने. ‘अजून काही झालं नाही ना?’ एवढं विचारून मोकळे होतो. आरोग्याचं तसंच, नात्यांचंही तसंच. एखादा जीव जगतोय एवढ्यावर तो ठीक आहे असं ठरवणं सोयीचं असतं, कारण मग आपल्याला काही बदलावं लागत नाही.

बदलायचं म्हटलं, तर सगळंच हाताबाहेरचं नाही. सिएटलच्याच संशोधकांनी मासे मारणारं ते रस्त्यावरचं पाणी वाळू, कंपोस्ट, झाडांच्या साली आणि खडी यांच्या थरांतून झिरपू दिलं. त्या गाळलेल्या पाण्यात कोहो जगले. त्यात कुठलं महागडं यंत्र नव्हतं. जमिनीला तिचं काम करू दिलं, इतकंच. आपण मात्र नाल्यांच्या भिंती आणि तळ काँक्रीटचे करतो, डांबर पार नदीच्या काठाला नेऊन भिडवतो आणि त्याला सुशोभीकरण म्हणतो. रस्ता आणि ओढा यांच्यामध्ये गवताझुडपांचा मातीचा पट्टा राखणं नगरपालिकेला परवडण्यासारखं आहे. पावसाचा अंदाज पाहून फवारणी पुढे ढकलणं शेतकऱ्याच्याही फायद्याचं, कारण वाहून जाणाऱ्या औषधाचे पैसे त्याचेच असतात. कारखान्याच्या बाबतीत मात्र आर्जव पुरत नाही, तिथे कायद्याचा धाक हवा.

आणि आपल्यापैकी ज्यांच्या हाती यातलं काहीच नाही, त्यांनी निदान प्रश्न बदलावा. नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या भोई-कोळ्यांना नदी कुठल्याही अहवालापेक्षा जास्त कळते. यंदाच्या जूनमध्ये त्यांना विचारावं, ‘चढण झाली का?’ आणि श्रावणात पुन्हा जाऊन विचारावं, ‘पिल्लं दिसली का?’ या दुसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर काठावर एकही मेलेला मासा नसला, तरी पंचनाम्याची वेळ झालेली असते.